पोकळीला आकार देताना

लेखमाला : सच्छिद्र पदार्थांचं जग – लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण झिओलाइटची ओळख करून घेतली. पुणे-जळगावकडच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत त्याचे देखणे स्फटिक सापडतात. कारखान्यात तयार होतो तो मात्र पांढऱ्या भुकटीच्या रूपात. या भुकटीच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग उलगडला, तर काही शे चौरस मीटर भरेल. याच पृष्ठभागावर वायूचे रेणू चिकटून बसतात. हेच पृष्ठशोषण.

पण भुकटी जशीच्या तशी कामाची नाही. नळीत ठासून भरली तर हवा पुढे सरकत नाही, सैल भरली तर हवेबरोबर उडते. म्हणून तिच्यात चिकणमाती मिसळून बारीक गोळ्या वळतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अशाच गोळ्या वापरल्या गेल्या. माणूस दिवसाला साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो ‘५ए’ झिओलाइटच्या गोळ्यांनी भरलेल्या दोन पात्रांत आळीपाळीने पकडतात. एक पात्र वायू धरतं, तेव्हा दुसरं तापवून रिकामं करतात. मात्र सततच्या वापरात गोळ्या झिजल्या, भुगा झाला आणि तो झडपांत जाऊन अडकला. यंत्र खोलून दुरुस्त करण्याची वेळ अंतराळवीरांवर आली.

गोळ्यांऐवजी सलग, जाळीदार ठोकळाच घडवला तर? २०१६मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी नासाच्या मार्शल केंद्रातल्या सहकाऱ्यासह तो थ्रीडी प्रिंटरवर घडवून दाखवला. झिओलाइट, बेंटोनाइट माती, मिथाइल सेल्युलोज, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि पाणी यांचा लगदा बारीक तोंडाच्या नळीतून दाबायचा आणि धाग्यावर धागा आडवा-उभा रचत जायचं.

खरं कौशल्य या लगद्यात आहे. चकलीचं पीठ आठवा. सोऱ्यात दाबलं की ते सरकतं आणि बाहेर पडताच काटे धरून राहतं. सैल झालं तर काटे बसतात, घट्ट झालं तर चकली तुटते. इथेही तसंच: दाबाखाली वाहायचं, दाब सरताच थांबायचं. नाहीतर खालचे धागे वरच्यांच्या भाराने दबतील आणि मधल्या वाटा बुजतील.

मग भट्टी. चिनी मातीची भांडी हजार अंशांच्या वर भाजतात. कण एकमेकांत मुरतात आणि भांडं टणक होतं. झिओलाइटला ही आच सोसत नाही. त्याची चौकट कोसळते, छिद्रं मिटतात. ज्या पोकळीसाठी सारा खटाटोप, तीच जाते. म्हणून आच बेताची ठेवतात: सेल्युलोज आणि अल्कोहोल जळून जावं, मातीने कण धरून ठेवावेत, एवढीच. माती वाढवली तर ठोकळा बळकट होतो, पण वायू धरणारा भाग घटतो. मिसुरीच्या ठोकळ्यांत झिओलाइटचं प्रमाण वजनाच्या ९० टक्क्यांपर्यंत नेता आलं आणि त्यांची वायू धरण्याची क्षमता भुकटीच्या जवळपास राहिली.

प्रिंटरची खरी देणगी मात्र धाग्यांमधल्या वाटांची आहे. गोळ्यांच्या थरात वाटा जशा पडतील तशा पडतात. इथे त्या आधी आखता येतात. वाट रुंद केली तर वायू न पकडला जाता निसटतो, अरुंद केली तर हवा ढकलायला जोर लागतो. धागा जाड असला तर गाभ्यापर्यंत पोचायला रेणूंना वेळ लागतो, फार बारीक असला तर तो मोडतो.

मोकळ्या हवेतून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा झाला, की या आखणीचं मोल कळतं. हवेच्या दर दहा लाख रेणूंत त्याचे जेमतेम सव्वाचारशे. तेवढ्यांसाठी बाकी सगळी हवाही पंख्याने ढकलावी लागते आणि वाटेतल्या प्रत्येक अडथळ्याची किंमत विजेत मोजावी लागते. रेणू धरायचं काम सूक्ष्म छिद्रं चोख करतात. त्यांच्या दारापर्यंत हवा सहज पोचवणं हे आकार देणाऱ्याचं काम आहे.

(पुढील लेखांकात : ओला ठोकळा वाळताना तडे का जातात?)