अंगण वाकडं की काठी?

ऑनलाइन गोल्फमध्ये भारीतले क्लब घेतले, मोबाइल बदलला, की स्कोअर सुधारतो का? नांदेड-लातूरच्या ऑफिसवाल्या 'गोल्फरां'साठी खिशाला जपून मांडलेला हिशेब.

मंडळी, कबूल करा. लंच ब्रेकमध्ये डबा संपला रे संपला की अंगठा आपोआप मोबाइलकडे वळतो. आधी क्रिकेट, मग कँडी फोडणं आणि आता चक्क गोल्फ! नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत उभं राहून कुणाला "गोल्फ खेळायला येता का?" असं विचारा, लोक तुमच्याच तब्येतीची चौकशी करतील. बरोबरच आहे. ज्या लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे १८ होलचं मैदान हिरवंगार ठेवायचं कुणी आणि कशाने? मोबाइलवर मात्र ना मेंबरशिप लागते, ना लॉन. दोन मिनिटांत तुम्ही थेट स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजवर!

पहिले काही दिवस फुल टू धमाल. मग समोरचा भिडू तुमच्यापेक्षा लांब मारायला लागतो आणि नेमकी तेव्हाच स्क्रीनवर ऑफर चमकते. नवा ड्रायव्हर, स्पेशल बॉल, फक्त आजच! लातूरच्या बँकेत असलेला माझा एक मित्र दर महिन्याला या ऑफर्सवर पैसे घालवतो आणि वर म्हणतो, "पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडायलंय की!" नांदेडची एक मैत्रीण त्याच्याही पुढची, तिने गेम अडकतो म्हणून मोबाइलच ईएमआयवर घेतला. दोघांचा प्रश्न एकच: सामान भारी असलं की स्कोअर सुधारतो ना?

उत्तर आहे, हो. पण या 'हो'ला दोन-तीन अटी चिकटलेल्या आहेत, आणि तुमचा पगार त्या अटींमध्येच अडकतो.

गेममधली काठी

आधी थोडा फंडा क्लिअर करू. गोल्फच्या बहुतेक ऑनलाइन गेममध्ये सगळा खेळ टायमिंगचा. पट्टीवर एक रेघ किंवा काटा धावतो, तो नेमक्या खुणेवर आला की टॅप करायचं. लवकर केलं की बॉल एका बाजूला, उशीर झाला की दुसऱ्या.

इथे क्लबची जात खरोखर महत्त्वाची ठरते. २००८च्या सुमाराला आलेल्या 'वर्ल्ड गोल्फ टूर'मध्ये खऱ्या कंपन्यांच्या नावांचे क्लब विकत मिळू लागले. महाग क्लब लांब मारतो आणि टॅप थोडा चुकला तरी सांभाळून घेतो. काही बॉल तर ती धावती पट्टीच हळू करतात. म्हणजे पेपर तोच, पण वेळ वाढवून मिळाल्यासारखं! २०१७च्या 'गोल्फ क्लॅश'मध्ये क्लब पेट्यांतून निघणाऱ्या कार्डांनी वाढत जातात आणि खास बॉलवर वाऱ्याचा परिणाम कमी होतो. हा धंदा किती मोठा? हा गेम बनवणारी कंपनी २०२१ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १४० कोटी डॉलरला घेतली. यावरून काय ते समजा.

तेव्हा सामानाने फरक पडतो, यात वाद नाही. गंमत पुढे आहे. 'वर्ल्ड गोल्फ टूर'मध्ये तुमची सरासरी सुधारली की गेम तुम्हाला वरच्या वर्गात ढकलतो. तिथे पहिला फटका मारायची जागा, म्हणजे टी, मागे सरकते. विकत घेतलेले जादा यार्ड तिथेच खर्च होतात! अप्रेझलमध्ये पगार वाढवून मिळतो आणि सोबत टार्गेटही वाढतं ना, अगदी तस्सं. समोरासमोरच्या गेममध्येही तुम्ही वर चढलात की भिडू तगडा येतो, आणि त्याच्याकडेही तोच ड्रायव्हर असतो.

मोबाइलचा हात किती?

आता मैत्रिणीच्या ईएमआयकडे वळू. साध्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर चित्र दर १७ मिलिसेकंदांनी बदलतं. १२० हर्ट्झवर दर ८ मिलिसेकंदांनी, तेही गेमने तेवढा वेग दिला तर. फरक आहे, पण तुमच्या-आमच्या अंगठ्याची चूक सहसा याहून मोठी असते.

मग जुना मोबाइल त्रास का देतो? कारण तो एकसारखा हळू चालत नाही. कधी पट्टी सुरळीत धावते, कधी मध्येच गचका खाते. ठरलेल्या उशिराची अंगठ्याला चार दिवसांत सवय होते. एसटी रोज दहा मिनिटं लेट असेल तर आपण घरातून दहा मिनिटं उशिरा निघतो. पण कधी वेळेवर आणि कधी वीस मिनिटं लेट असेल तर काय डोंबल सवय होणार?

आपल्याकडे या गचक्यांचं एक मोठं कारण फुकटचं आहे, ते म्हणजे ऊन! मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीच्या पार जातो. मोबाइल तापला की त्याचा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्यात चार्जिंगला लावून खेळलात तर आणखी तापतो. बॅटरी सेव्हर चालू असेल तर बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनचा वेगही उतरतो. म्हणून नवा हँडसेट घ्यायच्या आधी मागचं जाड कव्हर काढा, चार्जरची पिन काढा आणि पंख्याखाली बसा. खर्च शून्य!

नेटचं म्हणाल, तर शूटिंग गेममध्ये पिंग जीव घेतो. गोल्फ बहुतेक वेळा पाळीपाळीने चालतो, त्यामुळे नेट सुटत नसेल तर महागड्या प्लॅनची गरज नाही.

खरा गोल्फ काय सांगतो?

खऱ्या मैदानावरही सामानाला लगाम आहेच. बॅगेत १४च क्लब चालतात. ड्रायव्हरचा पत्रा किती उसळी देईल यालासुद्धा मर्यादा आहे. कारण उघड आहे, नाहीतर स्पर्धा खेळाडूंऐवजी कारखान्यांमध्ये लागेल.

आणि अदिती अशोक आठवते? २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये बंगळुरूची ही मुलगी चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. लांब मारण्यात ती तिथल्या शेवटच्या काही जणींपैकी होती. तिला वर नेलं ते पटिंगने, म्हणजे होलजवळच्या त्या बारीक फटक्यांनी. पार ७२च्या मैदानात हिशेबाने ३६ फटके पटिंगचे धरलेले असतात, होलमागे दोन. ड्रायव्हर हातात येतो फार तर १४ वेळा. तरी ऑफर दिसली की आपण आधी काय घेतो? ड्रायव्हर! कारण लांब मारलेला बॉल मित्रांना दाखवता येतो.

आपलाच पॅटर्न

याचं उत्तर लातूरकरांना तर पाठच असायला हवं. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी जोडला गेलेला 'लातूर पॅटर्न' काय होता? परीक्षेच्या आधी पुन्हा पुन्हा परीक्षा, कुठे चुकलं ते बघायचं आणि तेवढंच पक्कं करायचं. चांगल्या नोट्सचा फायदा होतोच, पण कुठला धडा कच्चा आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच. बाकीच्यांचं नुसतं कपाट भरतं.

तोच पॅटर्न मोबाइलवर लावून बघा:

• एकच मैदान, जुनंच सामान, १० राउंड खेळा. प्रत्येक स्कोअर वहीत लिहा.

• फटका कुठे वाया गेला त्याची खूण करा: टी, वारा की पटिंग.

• सगळ्यात जास्त खुणा जिथे, तिथलीच एक वस्तू घ्या. फक्त एक!

• पुन्हा तेच मैदान, १० राउंड. आधीच्या १० मधला चांगला-वाईट स्कोअर जेवढा वर-खाली होता, त्यापेक्षा सरासरीतला फरक मोठा असेल तरच श्रेय वस्तूला द्या. नाहीतर तो नशिबाचा खेळ.

• नशिबाच्या पेट्या पैसे देऊन उघडू नका. त्यातून काय निघेल हे उघडल्यावरच कळतं. बेल्जियमने २०१८ साली अशा विकतच्या पेट्यांना जुगार ठरवलं, ते उगाच नाही.

• जिंकलात तर रोख रक्कम देऊ, असं म्हणणाऱ्या गेमपासून चार हात लांब. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्याकडे २०२५च्या कायद्याने बंदी आली आहे.

माझ्या मित्राने वही घातली, तेव्हा बहुतेक खुणा पटिंगसमोर पडल्या. आणि त्याच्याकडे ड्रायव्हर किती? तीन! मैत्रिणीचा ईएमआय अजून चालू आहे, पण निदान गचके गेले, असं ती म्हणते. तिचा पैसा अगदीच वाया गेला नाही, कारण तिची अडचण खरंच मोबाइलची होती.

थोडक्यात काय, तर नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण गोल्फलाही लागू पडते. कधी कधी अंगण खरोखर वाकडं असतंही. फक्त गवंड्याला बोलवायच्या आधी एकदा दोरी धरून मोजा, बॉस!