परकर घरीच शिवावा

गौरी-गणपती जवळ आले की शिंप्याकडून एकच उत्तर मिळतं, 'आता गणपती झाल्यावर या.' अशा वेळी लेकीचा परकर घरीच शिवावा. एरवीही घरीच शिवावा, असं माझं मत आहे. पोलक्याला गळा, मुंढा, बाही यांची मापं सांभाळावी लागतात. परकराला टीप सरळ आली की काम झालं. श्रीवर्धनच्या कुठल्याही पाखाडीतली मुलगी शिवण शिकणार असेल, तर तिने सुरुवात परकरापासून करावी.

त्यासाठी नवं कापडही लागत नाही. आपल्याकडे आईच्या-आजीच्या जुन्या काठाच्या साड्यांचे परकर पिढ्यान्‌पिढ्या होत आले आणि त्यातली काटकसर पाहण्यासारखी आहे. साडीचा पन्हा साधारण 45 इंच. ती लांबीच्या दिशेने मधोमध कापली की साडेबावीस इंचांच्या दोन पट्ट्या निघतात आणि दोन्ही पट्ट्यांना एकेक काठ येतो. काठ खाली ठेवला की घेराला दुमड घालायला नको. वर दीड इंच नेफ्यात गेला तरी 21 इंच उंची उरते. चार-पाच वर्षांच्या मुलीला ती पुरते, आणि पाठोपाठच्या दोघी बहिणींचे परकर एकाच साडीत होतात. घेर कमरेच्या तिप्पट धरावा. वीस इंच कमरेला साठ इंच. चुण्यांसाठी हाताने धावदोऱ्याच्या दोन ओळी घालाव्यात. एकच घातली तर चुण्या एका जागी गोळा होतात. कापड उंचीला जास्त असेल तर कापून टाकू नये, आतून टक घालावा. अर्ध्या इंचाचा टक उसवला की पुढच्या वर्षी परकर एक इंचाने वाढतो.

मोठ्यांचा कळ्यांचा परकर जरा जास्त लक्ष मागतो. आयताकृती तुकडा तिरका कापला की दोन कळ्या मिळतात. त्या जोडताना एकीची सरळ बाजू दुसरीच्या तिरक्या बाजूला लावायची. दोन तिरक्या बाजू एकत्र आल्या की शिवण ताणते आणि परकर तिथेच लोंबतो. मशीनवर तिरकी बाजू खाली ठेवावी, म्हणजे दाते ती आपोआप आवरून घेतात. खालची दुमड घालण्याआधी परकर रात्रभर टांगून ठेवावा. आणि सुती कापड नवं असेल, तर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कात्री लावावी. नाहीतर पहिल्याच धुण्यात उंची आखडते.

सिंगरने अमेरिकेत शिवणयंत्राचं पेटंट घेतलं 1851 साली. यंत्रांबद्दल कठोर बोलणाऱ्या गांधीजींनी 1924 मध्ये या एका यंत्राला खुशाल अपवाद केला होता. आपल्या किनाऱ्यावर मात्र त्याला खाऱ्या हवेचा त्रास. सुई गंजली की कापडाचे धागे ओढते. म्हणून काम झालं की सुई काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळावी, बॉबिनच्या घरातला कचरा ब्रशने झाडावा आणि पावसाळाभर मशीन झाकून ठेवावं. साध्या सुती कापडाला 14 नंबरची सुई बरी.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. बागा आडव्या झाल्या, खांब पडले आणि कित्येक दिवस वीज नव्हती. पायमशीनला विजेची गरजच नसते.

तुमच्या घरात असं मशीन कोपऱ्यात उभं असेल, तर ते भंगारात देऊ नका. पट्टा बदला, तेल घाला, नवी सुई लावा, आणि पहिला परकर जुन्या सुती साडीचाच शिवा.