मार्गदर्शक आणि 'मग्गक्खायी'

मज्झिमनिकायातील गणकमोग्गल्लान सुत्तात तथागत स्वतःस 'मग्गक्खायी', म्हणजे मार्ग सांगणारा, म्हणवितात. राजगृहाची वाट विचारणाऱ्यास ती नीट सांगावी; चालावयाचे मात्र ज्याचे त्याने. लहान स्थानिक वस्तुसंग्रहालयातील मार्गदर्शकाचे कार्य याच स्वरूपाचे आहे.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर होय. 'पेरिप्लस' या इ. स. च्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथानुसार ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर होते. तेथील माल भरुकच्छास जाई. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात जमविलेल्या पुरावस्तूंतून तेथील वस्तुसंग्रहालय उभे राहिले. फलकावर 'मणी' एवढेच लिहिलेले असते. त्यामागचा व्यापारमार्ग मार्गदर्शकाने सांगावयाचा असतो.

खरी कसोटी गावातील त्रिविक्रम मंदिरापाशी लागते. विटांच्या या वास्तूची मागील बाजू अर्धवर्तुळाकार आहे. हेन्री कझिन्स यांनी ती मूळची बौद्ध चैत्यगृह मानली. हे मत न सांगणे म्हणजे इतिहास झाकणे होय. परंतु असा आकार ऐहोळेच्या दुर्गा मंदिरातही आढळतो, हेही सांगितले पाहिजे. तेरच्या उत्खननात विटांचा स्तूप मिळाला, हा मात्र प्रत्यक्ष पुरावा होय.

दिसते काय आणि अनुमान कोणते, हा भेद जो राखतो त्याचे म्हणणे विरोधकासही सहज खोडता येत नाही. धम्म 'एहिपस्सिको' आहे: या आणि पाहा. आपल्या वारशाविषयी बोलतानाही हीच शिस्त आपणांस बळ देईल.