शिवारातील दृष्टांत

मार्गशीर्ष हा दत्तभक्तीचा महिना. पौर्णिमेस दत्तजन्माचा पाळणा होतो आणि बीड जिल्ह्यातील भाविकांस अंबाजोगाईच्या दासोपंतांचे सहजच स्मरण होते. याच दिवसांच्या आगेमागे ख्रिस्ती बांधवांचा नाताळ येतो. शेजारच्या दारी ताऱ्याचा आकाशकंदील झळकतो, फराळाचे ताट आपल्या घरी येते, आपण ते आनंदाने स्वीकारतो. परंतु त्यांच्या ग्रंथात आहे तरी काय, हे विचारावयाचे बहुधा राहून जाते. परक्या ग्रंथातील बोध घेतला तर स्वधर्मास उणेपणा येतो, अशी एक भीती मनाच्या कोपऱ्यात असते. ती अनाठायी आहे, असे आम्हांस वाटते.

दासोपंतांचा काळ इ. स. १५५१ ते १६१५ असा मानतात. त्यांनी अंबाजोगाईत गीतार्णवासारखा प्रचंड ओवीग्रंथ रचला आणि चक्क कापडाच्या पासोडीवर पंचीकरण लिहिले. त्याच काळात गोव्याच्या साष्टी प्रांतात फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री बायबलातील कथा मराठी ओव्यांत गुंफीत होता. इ. स. १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या क्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. नागरी टंक उपलब्ध नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत निघाला. पण त्याचा घाट आपल्या पुराणांचाच, आणि त्यात स्वर्गाला शब्द आहे वैकुंठ. अर्थात याच साष्टीत इ. स. १५६७ मध्ये शेकडो देवळे पाडली गेली, हेही विसरून चालणार नाही. सत्तेच्या जुलमाने जे साधले नाही ते ओवीने साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हीच वाट चोखाळली. आष्टी-पाटोद्याच्या शेजारचे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमी. इ. स. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी संसार दुभंगला आणि लक्ष्मीबाईंस काही वर्षे पतीवाचून काढावी लागली. त्या घरावर काय गुदरले हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस ठाऊक आहेच. तथापि टिळकांनी तुकोबांस कधी सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. अभंग आणि कीर्तन त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

येशूची शिकवण मराठी ओवीत अशी सहज का मावली, याचे कारण तिच्या स्वरूपातच आहे. ज्ञानदेवांप्रमाणे तोही दृष्टांतांनी बोलतो आणि ते दृष्टांत शेताभातातले असतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात पेरणाऱ्याची गोष्ट आहे. काही बी वाटेवर पडले, ते पाखरांनी टिपले. काही खडकाळ जागी पडले, ते लवकर उगवून उन्हाने करपले. काही काट्यांत गुदमरले. काही चांगल्या भुईत पडून तीसपट, साठपट, शंभरपट झाले. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारा आमचा शेतकरी ही उधळपट्टी ऐकून हसेल. त्या देशी बी हाताने फोकून पेरीत, म्हणून ते वाटेवरही पडे. भुईचे प्रकार मात्र त्यास कोणी समजावून सांगावयास नकोत. गोदाकाठची गेवराई-माजलगावकडील काळी जमीन आणि बालाघाटावरील बरड माळ यांतील अंतर तो जाणतो. बरडावर पहिल्या पावसाने लागलीच हिरवे दिसते आणि पावसाने ओढ दिली की तेच आधी माना टाकते. कथा ऐकताना डोळे पाणावणारा आणि मांडवाबाहेर पडताच भावाच्या बांधावर नांगर घालणारा श्रोता आपल्या सप्ताहांतही दिसतोच की!

त्याच ग्रंथातील दुसरी कथा अधिक अवघड आहे. एका द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो आणि दिवसाचा एक दीनार ठरवितो. नऊला, बाराला, तीनला, अखेर पाच वाजताही तो बाहेर जातो. तेथे काही माणसे उभीच. “आम्हांस कोणी कामावर लावले नाही,” असे ती सांगतात. तो त्यांनाही धाडतो. संध्याकाळी सर्वांस सारखाच एक दीनार मिळतो आणि पहाटेचे मजूर कुरकुरतात. भाष्यकार यातून ईश्वरकृपेचा अर्थ काढतात, तो यथार्थच आहे. परंतु दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, घराची त्या दिवसाची भाकर. पाच वाजता कामास लागलेल्याच्या घरीही खाणारी तोंडे तितकीच असतात, हे धन्याने ओळखले होते.

ही कथा बीड जिल्ह्यात वाचावी आणि मग ऊसतोडीचा हिशेब आठवावा. दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता. त्यांतील कोणी तापाने पडले, कोणी बाळंत झाली, तरी दिवसाचा खाडा उचलीवर चढतो. पाच वाजता बाहेर जाऊन ताटकळलेल्याची विचारपूस करणारा धनी त्या हिशेबात कोठे आहे? देव्हाऱ्यापुढे हात जोडणाऱ्या मुकादमास, बागायतदारास आणि कारखानदारास हा प्रश्न विचारता येतो. त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही.

नाताळची कथाही प्रवासातल्या कुटुंबाचीच आहे. नावनोंदणीच्या सरकारी हुकमामुळे मरिया आणि योसेफ आपले गाव सोडून बेथलेहेमास गेले. उतारशाळेत जागा मिळाली नाही. बाळास गुंडाळून गव्हाणीत निजविले. ती वार्ता प्रथम कळली कळप राखीत रानात जागणाऱ्या मेंढपाळांस. नाताळ येतो तेव्हा कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो. फडालगतच्या पाचटाच्या कोप्यांत बीडची कुटुंबे कडाक्याच्या थंडीत निजलेली असतात, शेजारी बैल चिपाडे चघळीत असतात, आणि त्या कोप्यांतही बाळे जन्मास येतात.