पसरणीचा घाट आणि फुलपात्रभर डिझेल

वाईच्या स्टँडवर महाबळेश्वरची लाल गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची रीत अजून चालू आहे. गेल्या हिवाळ्यात मीही तसाच जागा धरून बसलो होतो. गाडी सुटायच्या बेतात असताना डोक्यावरून एक हेलिकॉप्टर पाचगणीच्या दिशेनं गेलं. गाडीतल्या सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. शेजारच्या आजी म्हणाल्या, "आपण घाटातल्या मोडापातुर जायच्या आत ते पोचतंय बघा."

आजींचं खरं होतं. वाई ते महाबळेश्वर रस्त्यानं ३२ किलोमीटर, पण नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर जेमतेम २५. बेल ४०७ जातीचं हेलिकॉप्टर ताशी २४० किलोमीटरनं उडतं, म्हणजे सव्वासहा मिनिटांत वर. आपली गाडी पसरणीचा घाट चढून, पाचगणीला थांबून, सव्वा तासानं पोचते. बारापट फरक! पण तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी आकडे मांडायला लागलो, आणि घाट संपेपर्यंत चित्र पार पालटलं.

सुरुवात डोंगरापासूनच करू. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेवर. म्हणजे प्रत्येकाला ६३० मीटर उचलायचं. साठ किलोच्या माणसाला एवढं वर न्यायला निव्वळ काम किती? वीजमीटरच्या भाषेत एक दशांश युनिट. दहा वॉटचा एलईडी दिवा दहा तास जळला की तेवढीच वीज जाते. एवढा थोरला घाट, आणि माणसामागे त्याची मागणी एका दिव्याची!

अर्थात माणूस एकटा वर जात नाही, गाडीचं लोखंडही सोबत न्यावं लागतं. भरलेली एस.टी. पंधरा टन धरली तर तिला वर उचलायला साधारण २६ युनिट ऊर्जा लागते. डिझेल इंजिनात निम्म्याहून जास्त उष्णता वायाच जाते, ते धरून हिशेब सात लिटरवर येतो. त्यावर ३२ किलोमीटर चाकं फिरवायला लिटरला पाच किलोमीटरच्या हिशेबानं आणखी साडेसहा. एकूण साडेतेरा लिटर. चव्वेचाळीस आसनांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे तीनशे मिलिलिटर, म्हणजे घरातली दोन फुलपात्रं. एक फुलपात्र डोंगरासाठी, एक रस्त्यासाठी. मला हा आकडा इतका थोडा वाटला की मी तो तीनदा तपासला.

आता आकाशातला हिशेब. गाडीचं वजन रस्ता पेलतो, त्यासाठी इंजिनाला काही खर्चावं लागत नाही. घाटात ती बंद पडली तरी हँडब्रेकवर उभी राहते. हेलिकॉप्टरला खाली काहीच नाही. एका जागी तरंगायचं म्हटलं तरी सव्वादोन टनांचं ते यंत्र आपलं वजन हवा खाली ढकलूनच पेलतं, आणि ती हवा किती? पात्यांच्या वर्तुळाचा साडेदहा मीटरचा व्यास धरून गणित केलं, तर सेकंदाला सुमारे एक टन! आपण एक श्वास घेऊन सोडतो तेवढ्या वेळात तीनेक टन हवा त्या पात्यांखालून जाते. त्यात महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा आठव्या हिश्श्यानं विरळ, म्हणजे तेवढंच वजन पेलायला जास्त जोर.

या यंत्राला ताशी १७० लिटरच्या आसपास इंधन लागतं. उड्डाण, उतरणं, जमिनीवर पाती फिरत राहणं धरून एका खेपेला २५ लिटर, आणि पायलट सोडून माणसं सहा. माणशी चार लिटरांहून जास्त, म्हणजे एस.टी.च्या जवळपास चौदापट. उलट्या बाजूनं पाहिलं तर आकडा अधिक चक्रावतो. आपल्या लाल गाडीत फक्त तीन प्रवासी असले, बाकी सगळी बाकं रिकामी, तरी ती माणशी भरलेल्या हेलिकॉप्टरएवढंच इंधन जाळते. चौथा माणूस चढला की ती स्वस्त.

मग वेगाचं काय? इथे मी स्वतःच फसलो होतो. सव्वासहा मिनिटं ही सहा माणसांची वेळ. आमच्या गाडीतल्या चव्वेचाळीस जणांना न्यायचं तर आठ खेपा वर आणि सात रिकाम्या खाली. नुसतं उडणंच दीड तासाचं, त्यात दर वेळी चढणं, पट्टे बांधणं, उतरणं. शेवटचा प्रवासी पोचेपर्यंत पावणेतीन तास. तोवर एस.टी. वर जाऊन, चहा घेऊन, परत वाईला आलेली असते. इंधन तीनशे लिटरच्या वर, आणि असल्या हेलिकॉप्टरचं तासाचं भाडं लाखाच्या पुढेच. आजींच्या तिकिटावर शून्य रुपये छापले होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. फुकट आहे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट.

हाच हिशेब राज्यभर ताणून पाहिला. १ जून १९४८ ला पुणे–नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. आज तिच्यातून रोज साधारण ५५ लाख लोक जातात. त्यांना सहा-सहानं उडवायचं तर रोजची नऊ लाखांहून जास्त उड्डाणं. अख्ख्या जगात प्रवासी विमानांची रोजची उड्डाणं सुमारे एक लाख आहेत. नऊ जगांचं आकाश लागेल, तेही फक्त महाराष्ट्राच्या गावोगावच्या प्रवासासाठी.

हेलिकॉप्टरची खरी जागाही या डोंगरांत आहे, हे मी मनापासून मानतो. महाबळेश्वरहून प्रतापगड रस्त्यानं वीस किलोमीटरच्या वर, सरळ रेषेत नऊसुद्धा नाही. दरीपलीकडे कुणी अत्यवस्थ असेल तर त्या अडीच मिनिटांच्या उड्डाणाचं मोल कुठल्याही लिटरात मोजू नये. पण पावसाळ्यात इथे तेही हातात नसतं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, पुण्याच्या वर्षभराच्या पावसाच्या पाऊण हिश्श्याहून जास्त. प्रतापगडाकडे जाणारा आंबेनळी घाटाचा रस्ता तेव्हा जागोजाग खचला. रस्ताही तुटतो, पण तो पुन्हा बांधता येतो. जून ते सप्टेंबरचं धुकं मात्र कुणाला हटवता येत नाही.

त्या धुक्यात मी पसरणी चढलो आहे. ड्रायव्हर दिवे लावून, काचेवर जवळजवळ नाक टेकवून, दुसऱ्या गिअरवर गाडी ओढत होता. कंडक्टर दारात उभा राहून कठड्याकडे बघत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता. पाचगणीला हॉटेलातली पोरं उतरली, एक शिक्षिका छत्री उघडत उतरल्या. महाबळेश्वरच्या स्टँडवर आम्ही नऊ जण उरलो होतो, माणशी दीड लिटर.