प्रोजेस्टेरॉन उंदरांत चाललं, माणसांत का नाही?

पीएचडीच्या सिनॉप्सिसमध्ये ‘प्राण्यांवरील प्रयोगांत आशादायक निष्कर्ष मिळाले आहेत’ हे वाक्य तुम्ही कधी ना कधी लिहिणारच. त्याआधी ही गोष्ट वाचा.

डोक्याला जोराचा मार लागला की इजा दोनदा होते. पहिली धडकेच्या क्षणी; तिथे कुठलंच औषध काही करू शकत नाही. दुसरी पुढच्या काही तासांत आणि दिवसांत. मेंदूला सूज येते, दाह वाढतो, धक्क्यातून वाचलेल्या पेशीही मरू लागतात. औषधाला संधी असते ती या दुसऱ्या इजेत.

डोनाल्ड स्टाइन या अमेरिकी संशोधकाच्या लक्षात आलं की सारख्याच इजेनंतर मादी उंदीर नरांपेक्षा चांगले सावरतात, आणि शरीरात प्रोजेस्टेरॉन जास्त असलेल्या माद्यांच्या मेंदूला सूज कमी येते. मग हे हार्मोन नरांनाही टोचून पाहिलं. त्यांचीही सूज कमी झाली! गर्भारपण टिकवणारं, स्वस्त, डॉक्टरांच्या ओळखीचं हार्मोन मेंदू वाचवतं म्हटल्यावर कोण थांबणार?

एमरी विद्यापीठात 100 रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष 2007 मध्ये आले. तीस दिवसांतले मृत्यू औषध गटात 13 टक्के, प्लासिबो गटात 30.4 टक्के. आता कागद-पेन घ्या. औषध गटात 77 जण होते, प्लासिबो गटात फक्त 23. म्हणजे ते 30.4 टक्के म्हणजे सात माणसं. त्यातली दोन वाचली असती तर आकडा थेट 21.7 टक्क्यांवर आला असता. ही चाचणी मुळात औषध सुरक्षित आहे का हे बघण्यासाठी होती, आणि संशोधकांनीही मोठी चाचणी हवी असंच म्हटलं. पण वाचणाऱ्यांच्या डोक्यात राहिला तो आकडा. टक्केवारी दिसली की छेद शोधायचा, ही सवय मला तरी कुठल्याही सांख्यिकीच्या पेपरपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

डिसेंबर 2014 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदमच छापून आले. प्रोटेक्ट-3 मध्ये 882 रुग्ण घेतल्यावर, पुढे जाऊन फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून चाचणी थांबवली. सहा महिन्यांनी बरी स्थिती औषध गटात 51 टक्के, प्लासिबो गटात 55.5 टक्के. सिनॅप्स या 1195 रुग्णांच्या चाचणीत 50.4 आणि 50.5. म्हणजे काहीच फरक नाही.

का? प्रयोगशाळेत सगळे उंदीर एकाच जातीचे, एकाच वयाचे, मारही मोजून दिलेला. माणसांत एकाला मेंदूत रक्तस्राव, दुसऱ्याला सूज, तिसऱ्याला साठी उलटल्यावर दोन्ही. शिवाय वेळ. उंदराला पहिला डोस अनेकदा तासाभरात मिळतो. आमच्या अर्नाळा किल्ल्यावर कुणाच्या डोक्याला मार लागला तर आधी होडीने किनारा, मग विरार, मग महामार्गाने मुंबईतलं मोठं रुग्णालय. भरती-ओहोटी आणि ट्रॅफिक वेगळं. पण सगळं खापर वेळेवर फोडू नका. प्रोटेक्ट-3 मध्ये औषध इजेपासून चार तासांच्या आत सुरू करायचा नियम होता. योग्य डोस कोणता आणि तो किती दिवस द्यायचा हे नीट न शोधताच तिसऱ्या टप्प्यात उडी घेतली, हा आक्षेपही नंतर घेतला गेला. मला तो बराचसा पटतो, मात्र त्याने निकाल बदलत नाही.

‘औषध सुरक्षित आहे ना, मग देऊन बघायला काय हरकत?’ असं कुणी म्हटलं तर क्रॅश चाचणी दाखवा. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, म्हणजे हार्मोनचंच भावंड, डोक्याच्या इजेत कित्येक दशकं दिलं जात होतं. 10,008 रुग्णांची ही चाचणी 2004 मध्ये मध्येच थांबवावी लागली. दोन आठवड्यांतले मृत्यू स्टिरॉइड गटात 21.1 टक्के, प्लासिबो गटात 17.9. शंभरामागे तीन जास्त माणसं, आणि प्लासिबो गट नसता तर हे कुणाला कळलंही नसतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. डोक्याला मार लागल्यावर काही रुग्णांची पिट्युटरी ग्रंथी नीट काम करेनाशी होते. तेव्हा रक्त तपासून कॉर्टिसोल किंवा थायरॉइडचं हार्मोन भरून द्यावं लागतं. ती उणीव भरून काढणारी उपचारपद्धती आहे, मेंदू वाचवण्याचा प्रयोग नव्हे. लिटरेचर सर्च करताना ‘हार्मोन’ आणि ‘मेंदूची इजा’ टाकलंत की दोन्ही प्रकारचे पेपर एकाच यादीत येतील. ते पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवा.