आधी गादी, मग बाकीचं

एका शाळेने नव्या ‘मार्शल आर्ट्स हॉल’च्या उद्घाटनाआधी मला पाहायला बोलावलं होतं. दाराला फीत बांधून तयार, बाहेर संगमरवरी पाटी. आत एक अख्खी भिंत आरशाची, समोरच्या भिंतीवर ब्रूस लीचं पोस्टर, काचेच्या कपाटात सहा नानचाकू आणि पंख्याच्या जुन्या हुकाला टांगलेली लालभडक पंचिंग बॅग. मुख्याध्यापक हौसेने एकेक दाखवत होते. मी चपला काढून जमिनीवरच्या लाल-निळ्या चौकोनांवर गेलो आणि टाच जरा जोरात आपटली. ठक्! खालच्या शहाबादी फरशीने थेट जाब दिला. बालवाडीत अंथरतात तसले, जेमतेम अर्ध्या इंचाचे फोमचे तुकडे होते ते. आणि तिथे ज्यूदो शिकवायचं ठरलं होतं.

“सर, बाकी सगळं झकास आहे,” मी म्हटलं, “फक्त मुलांना पडू देऊ नका.”

ते हसले. पण ज्यूदो हा पडण्याचाच खेळ आहे. कुस्तीही. शाळेत असली खोली करायची म्हटलं की भिंतीवर काय लावायचं, कपाटात काय मांडायचं याच्या याद्या निघतात. पायाखाली काय घालायचं ते शेवटी, उरलेल्या पैशात. माझं म्हणणं उलटं आहे. जेवढे पैसे असतील त्यातले निम्म्याहून अधिक जमिनीवर घालावेत. आरसा पुढच्या वर्षी आला तरी कुणाचा हात मोडत नाही.

ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात कोदोकान ही आपली ज्यूदोशाळा सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे जागा होती बारा तातामींची. तातामी म्हणजे भाताच्या पेंढ्याची घट्ट दाबलेली, वरून लव्हाळ्याची चटई शिवलेली जपानी गादी. साधारण सहा फूट बाय तीन फूट. बारा तातामी म्हणजे सव्वादोनशे चौरस फुटांच्या आतली खोली. आपल्या शाळांचे वर्गही याहून मोठे असतात. आदळआपट एवढी चाले की मंदिराची जमीन खचायची आणि शिकवून झालं की कानो स्वतः दिवा घेऊन खाली डागडुजीला उतरायचे, असं सांगतात. आजच्या कोदोकानच्या मुख्य दालनात ४२० तातामी मावतात. पण सुरुवात झाली ती बारा गाद्या आणि दुरुस्तीचं सामान यांच्यावर. नानचाकूंच्या कपाटावर नाही.

आपल्याकडच्या तालमींना हे वेगळं सांगावं लागलं नाही. तालमीत जमीन हीच मुख्य वस्तू. हौदातली तांबडी माती चाळून घेतलेली, त्यात तेल, तूप, ताक, हळद, लिंबू, कापूर जिरवलेला. आणि रोज पहाटे पोरांनी फावड्याने ती खणून भुसभुशीत करायची, मगच लंगोट कसायचा. खणणं हाच पहिला व्यायाम. दोन दिवस माती खणली नाही तर ती दबून घट्ट होते आणि खांदा टेकला की कळतं. वस्तादाच्या हातात कधी कोटेशन नव्हतं, पण मऊ किती आणि टणक किती याचा हिशेब पक्का होता.

माती आणि गादी यांच्यातला फरक महाराष्ट्राला एका माणसाने दाखवून दिला. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत वाढलेल्या त्या पायांना गादी नवी होती. सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी ब्राँझपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आज महाराष्ट्र केसरीत ‘माती’ आणि ‘गादी’ असे दोन विभागच असतात. मॅटला ‘गादी’ म्हणणारी आपली भाषा याबाबतीत चोख आहे. काम काय आहे ते नावातच आलं.

आता खोली. नेहमीचा मोठा वर्ग घेऊ, वीस फूट बाय तीस फूट. मीटरमध्ये सहा बाय नऊ. यात पाच मीटर बाय आठ मीटरचा चौकोन गाद्यांनी भरता येतो, म्हणजे दोन मीटर बाय एक मीटरच्या वीस गाद्या. हा चौकोन मधोमध मांडायचा मोह होतो. तो टाळून एका कोपऱ्याला दोन भिंतींशी भिडवावा. मग उरलेल्या दोन बाजूंना मीटरभर रुंद वाट मिळते. चपला, पाण्याच्या बाटल्या आणि आपला नंबर न आलेली मुलं तिथे. भिडवलेल्या दोन भिंतींना पाच फुटांपर्यंत रेग्झीनमध्ये शिवलेला फोम हवाच, मध्ये खांब असेल तर त्यालाही चारी बाजूंनी.

एका जोडीला चार चौरस मीटर जागा धरली तर एका वेळी दहा जोड्या. वर्गात मुलं पन्नास. म्हणजे वीस गादीवर, तीस वाटेत, आणि तास पस्तीस मिनिटांचा. हे गणित उद्घाटनानंतर कळतं. तीन तुकड्या पाडा, बाहेरच्या दोन तुकड्यांना मैदानात जोर-बैठका आणि दोरीउड्या द्या. पण अकरावी जोडी गादीवर चढू देऊ नका. ज्यूदोत मुलं स्वतःच्या पडण्यानेच नाही, शेजारची जोडी अंगावर आल्यानेही दुखावतात.

गादी घेताना विक्रेता ‘इंटरनॅशनल क्वालिटी’ म्हणतो. म्हणू द्यावं. ज्यूदोची चांगली गादी चार सेंटिमीटर जाडीची आणि घनमीटरला साधारण २३० किलो घनतेच्या दाबलेल्या फोमची असते. दोन मीटर बाय एक मीटरची अशी गादी अठरा किलोंच्या आसपास भरते. तेव्हा नमुना मागवा, रद्दीवाल्याचा काटा आणा आणि तोला. नऊ किलो भरली तर विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवा. खालची बाजू न घसरणारी आणि वरचं रेग्झीन तातामीच्या विणीसारखं किंचित खरखरीत असावं; गुळगुळीत असेल तर घामाने घसरगुंडी होते.

जिगसॉसारखे एकमेकांत अडकणारे मीटरभर चौकोनी तुकडे वाईट नाहीत. कराटे आणि तायक्वांदोला तेच लागतात, अडीच सेंटिमीटरचे. तिथे पायावर गिरकी घ्यायची असते आणि गादी फार मऊ असेल तर पाऊल रुततं, गुडघा मात्र फिरतो. मऊ तेवढं सुरक्षित, हा पालकांचा लाडका गैरसमज आहे. फूटभर जाडीची क्रॅश मॅट फक्त नवी फेक शिकवताना काढायची. दोन्ही खेळ एकाच खोलीत घ्यायचे असतील तर ज्यूदोची गादी घ्या. तिच्यावर कराटे थोडं जड जातं पण होतं. उलटं होत नाही.

गाद्यांभोवती लाकडी चौकट ठोकून घ्या. नाहीतर आठवड्याभरात त्या सरकतात, मधे बोटभर फट पडते आणि त्या फटीत पायाचा अंगठा बरोब्बर सापडतो. खाली थेट फरशी नको. रबराच्या किंवा फोमच्या ठोकळ्यांवर अठरा मिलिमीटरचं प्लाय टाकलं की जमीन किंचित लवते आणि धक्का अर्ध्यावर येतो असं वाटतं. पैसे नसतील तर सुताराकडून पट्ट्यांचा साधा मांचा करून घ्या, खालून वारा खेळेल एवढा. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे न करणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. मी जुलैत एका शाळेत गादी उचलली तर खालची बाजू शिळ्या पावासारखी हिरवी झाली होती. वास आधीपासून येत होता. सगळ्यांना वाटलं मुलांच्या मोज्यांचा.

वर पाहा. वर्गाची उंची दहा-अकरा फूट, पंख्याची पाती नऊ फुटांवर. पाच फुटांची लाठी हात वर करून फिरवली की काय होतं ते सांगायला नको. लाठी, दांडपट्टा मैदानात. खोलीत भिंतीवरचे जाळीबंद पंखे, ट्यूबांनाही जाळी. मल्लखांबाची हौस असेल तरी तो इथे नको: जमिनीवर साडेआठ फुटांचा खांब, वर त्याच्या बोंडावर उभा राहिलेला मुलगा, आणि खांबाला चोपडलेलं एरंडेल. ते एरंडेल ज्यूदोच्या गादीवर उतरलं की दुसऱ्या दिवशी सगळी पोरं भुईसपाट. मल्लखांबाला उंच शेड आणि स्वतःची गादी द्या.

पंचिंग बॅग पंख्याच्या हुकाला लावलीच तर एक दिवस प्लास्टरसकट खाली येईल. पंख्याचं वजन स्थिर असतं, बॅगेचा हिसका नसतो. भिंतीत दोन्ही टोकं बसवलेला लोखंडी गर्डर टाका. भरायला वाळू नको. ती तळाशी बसते आणि खालचा भाग दगड होतो. शिंप्याकडच्या चिंध्या उत्तम, फुकट मिळतात. वजन मुलाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत.

छातीचे गार्ड आणि हेल्मेट दोन-तीन मापांत, शाळेचे. माउथगार्ड आणि आतला गार्ड ज्याचा त्याचा, यात काटकसर नाही.

गजकर्णाबद्दल कुणी बोलत नाही, पण कुस्ती-ज्यूदोच्या खोल्या त्यानेच बंद पडतात. एकाच्या मानेवर गोल चट्टा, पंधरा दिवसांत सहा जणांच्या. रोज शेवटच्या तासानंतर घरगुती ब्लीच एक भाग, पाणी शंभर भाग, ओल्या फडक्याने पुसणं, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने. फिनेल नको, मुलांची तोंडं तिथे टेकतात. नखं कापलेली, हातात कडं नाही, चट्टा असेल तर बरा होईपर्यंत वाटेत बसायचं. आणि मुलींना कपडे बदलायला कडी असलेली जागा. ती नसेल तर दुसऱ्या महिन्यात मुली येणं बंद होतात आणि अहवालात ‘पालकांचा प्रतिसाद नाही’ असं लिहिलं जातं.

पहिले तीन-चार आठवडे एकही फेक नाही, फक्त पडणं. हनुवटी छातीला, डोकं टेकायचं नाही, सबंध हात पसरून गादीवर फटका. मार एका हाडावर न येता हातभर पसरतो. वीस मुलांनी एकदम फटका मारला की मांच्यावरची चांगली गादी ‘धप्’ वाजते. ‘ठक्’ ऐकू आलं तर तो कोपरा तपासा.

सुरुवातीच्या त्या शाळेने उद्घाटन उरकलं, पण ज्यूदोऐवजी कराटे सुरू केलं. पुढच्या वर्षी वीस गाद्या आल्या. नानचाकू अजून कपाटात आहेत. दिवाळीच्या सुट्टीआधी तिथल्या शिपाईमामांचा फोन येतो: गाद्या भिंतीशी उभ्या केल्यात, मधे विटेएवढी फट ठेवलीय, वरची खिडकी उघडी, खालची बंद. मी फक्त एवढंच विचारतो, की किल्ली कुणाकडे आहे? कारण सुट्टीत अवकाळी पाऊस आला तर ती वरची खिडकी लावायला कुणीतरी गावात असलं पाहिजे.